बसची खांदमळणी

आमच्या घरमालकांकडे शेत नव्हतं, गोठा नव्हता, बैल नव्हता. तरी दरवर्षी पोळ्याच्या दिवसांत ते एका बसची खांदमळणी करायचे. वर्षभर जू वाहून दमलेल्या बैलाच्या खांद्याला तूप आणि हळद चोळायची आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या,' अशी ही रीत. त्यांची बस सागवानी लाकडाची होती, हातभर लांब, चार चाकांची, पुढे ओढायला सुतळी बांधलेली. ती मांडीवर घेऊन ते तिच्या बॉनेटला बोटाने तूप लावायचे, मग खिडक्यांच्या खालून मागेपर्यंत.

"आबाजी, बसला खांदा कुठे असतो?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"जिथं डायवर बसते तिथं," ते म्हणाले, आणि तिथे आणखी थोडं तूप चोळलं.

सगळे त्यांना आबाजी म्हणायचे, म्हणून मीही म्हणत असे. वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा बोरगाव मेघेला त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली. मी आले तेव्हा ते पंच्याऐंशीच्या घरात होते. उंच, वाळलेले, कान मोठे, आणि डोक्यावर उन्हाळ्यात ओला, हिवाळ्यात कोरडा असा एकच पंचा. मी स्कूटी फाटकातून आत घातली आणि भिंतीला टेकवून उभी केली. त्यांनी माझं नाव, गाव, काहीच विचारलं नाही. म्हणाले, "गाडी सीधी लाव बेटा. तोंड रस्त्याकडं."

त्या घरात सगळ्याचं तोंड रस्त्याकडे असे. स्कूटी, सायकल, भाजीवाल्याची हातगाडी दोन मिनिटं थांबली तरी ती. चपला काढल्या की त्या वळवून ठेवायच्या. एकदा पाहुण्यांची मोठी गाडी अंगणात सरळ आत शिरली, तेव्हा आबाजींनी त्यांना आधी ती बाहेर काढून उलटी आत घ्यायला लावली, आणि मगच नमस्कार केला. पाहुणे आजींच्या माहेरचे होते. आजी, म्हणजे आबाजींच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "माह्यी तिरडी उचलतीन ना, तईच यायले काई फिरवा लागनार नाई. बाकी साऱ्या घराले यायनं आधीच फिरवून ठेवलं हाय."

आबाजींवर अशा बोलण्याचा काही परिणाम होत नसे.

दुसरा नियम पाण्याचा. घरात कोणीही आलं तरी 'पानी आधी, गोष्ट मंग.' पाण्याचा ग्लास पूर्ण रिकामा होईपर्यंत आबाजी समोरच्याचं ऐकूनच घेत नसत. पार्सल घेऊन येणारा मुलगा उन्हात उभा राहून ओटीपी मागत असे आणि आबाजी ग्लास पुढे करून उभे असत. निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार पंधरावीस माणसं घेऊन आले. घरात ग्लास तेवढे नव्हते. मग पाणी पाळीपाळीने सुरू झालं. आबाजी तांब्यातून ओतायचे, पिणाऱ्याकडे बघत राहायचे आणि रिकामा ग्लास पुढच्याच्या हातात द्यायचे. शेवटच्या माणसाचं पिऊन होईपर्यंत उमेदवारांना पुढच्या सभेचे तीन फोन येऊन गेले. ते हात जोडून निघाले. आबाजींना त्यांचं चिन्ह कोणतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पाणी आणि तोंड रस्त्याकडे. या दोन गोष्टींचं मूळ एकच आहे हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

ते कळलं तुकड्यातुकड्यांनी. सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी मी खाली चहा घेत असे. मी फारशी बोलत नाही, आणि बहुतेक त्यामुळेच आबाजी माझ्याशी बोलत. त्यांची गोष्ट कधी शेवटापासून सुरू व्हायची, कधी मधूनच. मी ती मनात लावून घेतली ती अशी.

आबाजी मूळचे अल्लीपूरचे. मिसरूड फुटलं तसे फौजेत गेले आणि तिथे गाडी चालवायला शिकले. तिथून त्यांना काँगोला पाठवलं. आफ्रिकेतल्या त्या देशात तेव्हा यादवी पेटली होती, आणि संयुक्त राष्ट्रांनी देशोदेशींच्या सैनिकांना शांतता राखायला नेलं होतं. डोक्यावर निळी टोपी घालायची आणि शक्यतो गोळी झाडायची नाही. भारतीय होते, स्वीडिश होते, आणि आयर्लंडचे होते.

आयर्लंडच्या सैनिकांना आबाजी 'आयर्लंडचे पोट्टे' म्हणत. आज ते हयात असतील तर आबाजींच्याच वयाचे असतील. पण त्यांच्या बोलण्यात ते पोट्टेच राहिले.

"त्यायले घरून लोकरीचे कपडे देऊन पाठवलं होतं," आबाजी सांगत. "तिथं ऊन आपल्या मे महिन्यासारखं. आन् हे पोट्टे कांबयात गुंडायल्यासारखे. दोन दिवसात भाजून निंगाले. एक होता, त्याच्या तोंडावर, हातावर सारे लाल ठिपके. कपाशीवर लाल्या येते ना, तसे. मी त्याले लाल्याच म्हनो."

लाल्याची आणि त्यांची दोस्ती ठेच्यावरून झाली. आबाजींच्या डब्यातला मिरचीचा ठेचा त्याने बोटभर खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि परत मागितला.

"तुम्ही बोलायचात कसे?" मी विचारलं.

"माह्यं इंग्रजी त्याले समजे नाई, त्याचं मले समजे नाई. म्हनून जमलं."

लाल्या शेतकऱ्याचा मुलगा होता. घरी गाई होत्या. संध्याकाळी आयर्लंडचे सगळे सैनिक गुडघ्यांवर बसून मणी ओढत प्रार्थना म्हणायचे. एकदा प्रार्थना झाल्यावर लाल्याने यांना खुणेने विचारलं, तुमच्याकडे काय करतात? आबाजींना देव आठवला नाही, पोळा आठवला. त्यांनी हातवारे करून सांगितलं: बैल, खांदा, तूप, शिंगांना रंग, पुरणपोळी, आणि त्या दिवशी बैलाला काम नाही. लाल्याला ते एका दमात समजलं. त्याने उठून बाकीच्यांना सांगितलं, आणि ते सगळे हसले नाहीत, त्यांनी माना हलवल्या. हे आबाजी दर वेळी सांगत. "हसले नाई बेटा. मान हालवली. ढोरं पाळनाऱ्याले समजते."

लाल्याचा धाकटा भाऊही फौजेत होता. तो दुसऱ्या तुकडीबरोबर दूरच्या एका खाणीच्या गावी होता. एक दिवस बातमी आली की त्या तुकडीला शत्रूने वेढलं आहे. शत्रू कित्येक पटींनी जास्त, आतल्यांकडे पाणी संपत आलेलं, गोळ्या संपत आलेल्या. त्यांना सोडवायला निघायचं ठरलं, पण गाड्या पुरेनात, म्हणून शहरातल्या साध्या प्रवासी बस घेतल्या. त्यातली एक आबाजींनी चालवली. मागे सैनिक, पाण्याचे डबे, आणि शेजारच्या जागेवर लाल्या.

त्या गावाआधी नदीवरचा एक पूल ओलांडायचा होता, आणि बस चढावर धापा टाकत होती. लाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून पत्रा थोपटला आणि खुणेने म्हणाला: हिचाही पोळा करू. पूल पार झाला की. आधी माझ्या भावाला पाणी, मग हिचा पोळा.

पूल पार झाला नाही.

या ठिकाणी आबाजी नेहमी एकच गोष्ट सांगत. गोळीबाराचं ते फारसं बोलत नसत. पलीकडच्या काठावरून गोळ्या येत होत्या, वरून विमान येत होतं, काही ड्रायव्हर आपल्या जागेवरच गेले, एवढं एका वाक्यात. पण रस्ता किती अरुंद होता आणि त्यावर बस वळवायला किती वेळ लागला, हे मात्र ते हातांनी स्टीअरिंग फिरवून दाखवत. पुढे, मागे, पुन्हा पुढे. "तोंड उलटं होतं ना," ते म्हणत. "गाडी फिरवता फिरवता मानसं गेले."

शेवटी मागे यावं लागलं. पाण्याचे डबे भरलेलेच परत आले.

वेढ्यातल्या तुकडीने पाणी आणि गोळ्या असेपर्यंत टिकाव धरला आणि मग तिला शरण जावं लागलं. काही आठवड्यांनी कैद्यांची सुटका झाली. लाल्या आपल्या भावाला घेऊन आबाजींना भेटायला आला. भाऊ काटकुळा झाला होता. तो आबाजींच्या हातचं पाणी प्याला, आणि मग जे बोलला ते लाल्याने खुणांनी आणि सोप्या शब्दांनी समजावून सांगितलं. घरी गेल्यावर लोक एवढंच म्हणतील की यांनी हात वर केले. आम्ही सांगून कोण ऐकणार? तू पुलापर्यंत आला होतास. तू सांग.

"मी म्हनलं, सांगीन. चार लोकांत सांगीन. हातावर हात मारून वचन देल्लं."

आणि मग ते अल्लीपूरला परत आले. वडिलांनी विचारलं, "काँगो कुठी आलं? पाकिस्तानकडं का चीनकडं?" यांनी सांगितलं की दोन्हीकडे नाही. वडील म्हणाले, "मंग लढाई कायची?" पुढे फौज सुटली. आबाजींनी आयुष्यभर प्रवासी बस चालवली, बोरगावला घर बांधलं, मुलांची लग्नं केली. माजी सैनिकांचे सत्कार व्हायचे. कोणाला एका लढाईसाठी शाल, कोणाला दुसरीसाठी. आबाजींची लढाई कुठल्याच यादीत बसत नव्हती. शाल त्यांना नकोच होती. त्यांना फक्त चार लोकांत उभं राहून सांगायचं होतं, आणि चार लोक एका वेळी थांबत नव्हते.

थांबायचे ते एकाच दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी नंदीबैल सजवून मैदानात आणतात. मोठ्या पोळ्यासारखंच आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याच्याखाली रांग लागते, माईकवर झडत्या म्हणतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींची कविता, सरपंचापासून सरकारापर्यंत कोणालाही चिमटा काढणारी, आणि शेवटी सगळ्यांनी ओरडायचं, 'हर बोला, हर हर महादेव.' सगळी वस्ती तिथे असते. पण झडती म्हणायचा हक्क त्यालाच, ज्याचा बैल रांगेत आहे.

म्हणून आबाजींनी लाकडी बस करून घेतली आणि दरवर्षी नातवाच्या वयाच्या मुलांमध्ये जाऊन उभे राहू लागले. दरवर्षी तान्हा पोळा समितीचे अध्यक्ष त्यांना रांगेतून बाजूला घेत. अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान होतं. बोरगावातलं सगळ्यात जुनं घर त्यांचं, तोरणाखालून पहिला नंदी जायचा तो त्यांच्याच घरचा. माणूस वाईट नव्हता. मी दोन वर्षं तो संवाद ऐकला. तो जवळजवळ तोच असायचा.

"आबाजी, नंदी आना. मंग दोन घंटे बोला. मी सोता माईक धरतो."

"बैलाचं काम बैलानं केलं, त्याचा पोया काल झाला. हे काम बसनं केलं."

"अजी, निदान पुढं मुंडकं तं लावा. दोन शिंगं लावा. मी दुकानातून फुकट देतो."

"तुमी तुमच्या मोटरसायकलले शेपूट लावता का?"

लोक हसायचे. आबाजी बस उचलून मैदानाच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून ठेवायचे आणि शेवटच्या नंदीपर्यंत तिथे उभे राहायचे. आजी घरी विचारायच्या, "आली का वापस?"

"आली."

"मुंडकं लावलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"लाल्याले काय सांगू? तुह्या भावासाठी गेलतो त्या गाडीले मी बैल म्हनून चालवलं?"

मग बस पुसून भिंतीतल्या देवळीत ठेवायच्या त्या आजीच.

तिसऱ्या वर्षी, पावसाळ्यातल्या एका रविवारी, आबाजींनी मला विचारलं, "बेटा, तुह्या फोनात आयर्लंड पाहता येते का?"

मी शोधलं. फार वेळ लागला नाही. इंग्रजीत बरंच होतं. मी वाचत गेले आणि मनात मराठी करत गेले. ती तुकडी घरी परतली तेव्हा खरंच तिच्या वाट्याला मान आला नाही, कित्येक वर्षं कोणी नाव काढलं नाही, काहींनी तर आपण तिथे होतो हे मुलांनाही सांगितलं नाही. आणि मग, माणसं म्हातारी झाल्यावर, त्यांच्या देशाने मान्य केलं की ते शूरपणे लढले होते. त्यांना पदकं दिली. जे तोवर वारले होते त्यांच्या घरच्यांनी ती घेतली.

मी हे सांगितलं. आबाजी म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास घेतला, पूर्ण प्याले, उठले, अंगणात गेले, आणि माझ्या स्कूटीचा हॉर्न दाबून धरला. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. आजी धावत आल्या. आबाजींनी हॉर्न सोडला नाही. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. सामना जिंकल्यावर मुलांचा असतो तसा होता.

ही बातमी वस्तीत पसरली. अध्यक्ष दुकानातून उठून मुद्दाम घरी आले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "चला, बरं झालं. त्यायच्या देशानं मान देल्ला. आता तुमचं काम संपलं, आबाजी. यंदा बस घरीच राहू द्या."

"त्यायनं त्यायचं सांगतलं," आबाजी म्हणाले. "म्या माह्यं अजून सांगतलं नाई."

त्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी बसचं मागचं चाक निखळलं. आबाजींचे गुडघे दुखत होते, म्हणून मी स्कूटीवर पायांजवळ ठेवून बस सुताराकडे नेली. सुताराकडे त्या दिवसांत फार गर्दी असते. सगळ्या वस्तीचे नंदी रंगाला आलेले असतात. त्याने बस रांगेत ठेवून दिली आणि म्हणाला, तान्ह्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी न्या.

मी त्या संध्याकाळी गेले तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि शेडमध्ये एक पिवळा दिवा होता. जमिनीवर नंदी ओळीने उभे होते, काहींचा रंग ओला. त्यांच्यामध्ये आबाजींची बस. थोड्या वेळाने अध्यक्षांची मोटरसायकल थांबली. त्यांनी आपल्या आईला उतरवलं, दारातून आत आणलं, आणि मंडपवाल्याचा फोन आला म्हणून बाहेर गेले. आईंना सगळे 'माय' म्हणत. वय खूप झालेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात तूप-हळदीची वाटी. लाकडी नंदीची खांदमळणी सगळेच करत नाहीत, पण त्यांच्या घरी ती व्हायची, आणि ती मायच्याच हातची. यंदा त्यांच्या नंदीचा पाय दुरुस्त होऊन वाळत होता, म्हणून त्या इथे आल्या होत्या.

सुतार पाट आणायला आत गेला. माय खाली बसल्या, हात पुढे केला, आणि तो बसवर पडला.

मी बोलायला हवं होतं असं वाटेल. पण मी वाक्य जुळवेपर्यंत त्यांनी बोटं बुडवली होती. टपावरून हात फिरवला, खाली आणला, बॉनेट चोळलं. अगदी सावकाश, शेवटपर्यंत. मग पुढे वाकून, बसच्या पुढच्या दिव्यांच्या जागी तोंड नेऊन म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सुतार पाट घेऊन दारात थिजला होता. "माय," तो म्हणाला, "थे बस व्हय."

"काय व्हय?"

"बस. आबाजीची."

मायने हात पदराला पुसले. वाटीत पाहिलं, म्हणजे वाटीकडे मान वळवली. "आता आवतन तं देऊन झालं," त्या म्हणाल्या, आणि लेकाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मैदानात आबाजी बस घेऊन नेहमीसारखे उभे राहिले. मी घडलेलं त्यांना सांगितलं होतं. ते फक्त म्हणाले होते, "तिचा हात लागला का? मंग म्या आज चोळत नाई." अध्यक्ष त्यांच्याकडे येऊ लागले, तेवढ्यात मागून आवाज आला. माय तोरणाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"कुठी चालला रे?"

"माय, थे चुकून झालं. तुले दिसलं नाई."

"चुकून देल्लं आवतन वापस घेतेत काय? तुह्या लग्नात चुकून अर्ध्या आर्वीले आवतन गेलतं. कोनाले ताटावरून उठवलं का?"

"नाई उठवलं."

"मंग? आपल्या घरचं आवतन हाय. आपल्या घरचा मान पह्यला. आना तिले समोर."

"आन् आपला नंदी?"

"थो घरचा हाय. घरच्याले आवतन लागत नाई."

लोक हसले, पण या वेळी हसणं वेगळं होतं. कोणीतरी टाळी वाजवली. मुलांनी आपापले नंदी बाजूला ओढून वाट केली. अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले, मग स्वतःच सुतळी धरून बस रांगेच्या पुढे आणली आणि बोलल्याप्रमाणे माईक आबाजींच्या तोंडापुढे धरला.

मला वाटलं होतं ते खूप बोलतील. ते थोडकंच बोलले. काँगो, आयर्लंड, वेढा, पूल, भरलेले परत आलेले डबे. सहा-सात वाक्यं. मैदानात मुलांची चुळबुळ होती, ती हळूहळू थांबली. मग त्यांनी घसा साफ केला आणि झडती म्हटली. ती त्यांनी किती वर्षं तयार ठेवली होती, कोण जाणे.

"आंगात लोकर, डोक्शावर ऊन,
आयर्लंडचे पोट्टे आले समुंदर ओलांडून;
पानी सरलं, गोयी सरली, सरला नाई धीर,
पोट्टे नाई चुकले बावा, आमालेच उशीर."

"हर बोला," अध्यक्षांनीच आधी म्हटलं, आणि सगळं मैदान ओरडलं, "हर हर महादेव."

मुलांना ती चाल आवडली. त्यांनी शेवटच्या दोन ओळी पुन्हा म्हणायला लावल्या. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी आबाजींनी म्हणायची गरजच उरली नाही, मुलांनीच म्हटल्या. आयर्लंड कुठे आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नसेल, पण ते पोट्टे चुकले नाहीत हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

ढोल सुरू झाला. आबाजींनी सुतळी हातात घेतली. तोरणापाशी ते थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग वर, आभाळाकडे. मला वाटतं हे फक्त मी पाहिलं. मग गुडघे सरळ करून ते बस घेऊन तोरणाखालून पलीकडे गेले, आणि पाठोपाठ अध्यक्षांचा नंदी, आणि पाठोपाठ सगळे. पलीकडे पोचल्यावर आबाजींनी सुतळी सोडली आणि दोन्ही हात वर केले. शरण जाणाऱ्यासारखे नाही. आखाड्यात कुस्ती मारलेल्या पैलवानासारखे. ढोलवाला त्यांच्यासमोर जाऊन वाजवू लागला, आणि गुडघेदुखीचे आबाजी चार पावलं नाचले. आजींनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या.

बक्षीस नेहमीप्रमाणे कुणा भलत्याच नंदीला मिळालं. त्याच्या पाठीवर दिव्यांची माळ होती.

आवतन दिलं होतं, म्हणून जेवणही झालं. मायने ताटात पुरणपोळी आणवली आणि तुकडा मोडून बसच्या पुढच्या भागाला लावला, बरोबर मधोमध. मी त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्यांनी माझा हात चाचपून मला खाली ओढलं.

"डोये गेले, बेटा," त्या हळूच म्हणाल्या. "हात नाई गेले. वशिंड कुठी असते, थे मले समजत नाई का?"

दोन वर्षांनी मला दुसरीकडे नोकरी मिळाली आणि मी ती खोली सोडली. मी अजूनही स्कूटी तोंड रस्त्याकडे करूनच लावते. लोकांना ते नीटनेटकेपणाचं वाटतं.

पण त्या संध्याकाळी, आम्ही मैदानातून परतलो तेव्हा, आबाजींनी बस देवळीत ठेवली ती तोंड घराकडे करून. आजींनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, थकून चुकले असतील. त्या तिला फिरवायला पुढे झाल्या.

"राहू दे," आबाजी म्हणाले. "पोचली आता थे."

आणि त्यांनी आम्हा दोघींना पाणी दिलं.